नाही म्हणायला लागणारा वेळ

ऑफिसात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. बँका, दवाखाने, फोन, सगळीकडची गुपितं ज्या कुलपांत बंद असतात, त्या कुलपांचं सॉफ्टवेअर जगात मोजकी माणसं लिहितात आणि बाकीचे ते आयतं उचलून वापरतात. ही बाई त्या कुलपांना कान लावून बसायची. कुलूप फोडायचं नाही, किल्ली चोरायची नाही. मुद्दाम चुकीची किल्ली लावायची आणि कुलूप 'नाही' म्हणायला किती वेळ घेतं तेवढं मोजायचं.

नव्या माणसाला ती आपली रखवालदाराची गोष्ट सांगायची. "समज, दारावर एक रखवालदार आहे. परवलीचा शब्द चुकला की हाकलतो. गडी कामाला प्रामाणिक, पण डोक्याने बेताचा. एकेक अक्षर ताडून बघतो. पहिलंच अक्षर चुकलं की लगेच 'चल हट'. पहिली तीन जुळली आणि चौथं चुकलं, तर 'चल हट' जरा उशिरा. झालं! तोंडाने बिचाऱ्याने काही सांगितलं नाही, पण उशिराने सगळं ओकून टाकलं. चोर एकेक अक्षर बदलत बसतो आणि दिवस मावळायच्या आत अख्खा शब्द त्याच्या खिशात."

"मग करायचं काय?" नवा माणूस विचारायचा.

"रखवालदाराला शिकवायचं. पहिलं अक्षर चुकलं तरी बाबा, शेवटच्या अक्षरापर्यंत ताडायचं नाटक कर, आणि दर वेळी तेवढ्याच वेळाने 'चल हट' म्हण. मग आपल्या पडद्यावरची मोजलेल्या वेळेची रेघ सपाट येते." अशा नकाराला तिच्या खोलीत 'सपाट नकार' म्हणत. रेघ सपाट आली की चहा मागवायचा, अशी तिथली रीत होती.

त्या खोलीतले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे कुलूपकाका. निवृत्तीला टेकलेले, पोट सुटलेले, आणि सगळ्या जगाच्या किल्ल्या हाताखालून जाऊनही स्वतःच्या टेबलाची किल्ली रोज हरवणारे. त्यांचा एक नियम होता: आधी घरच्याला, मग गावाला. म्हणजे एखाद्या कुलपातून गळती सापडली, तर आधी ज्याने ते बनवलं त्याला गुपचूप कळवायचं. कुठून गळतं, कसं मोजलं, सगळं पुराव्यासकट सांगायचं, आणि त्याला दुरुस्ती करू द्यायची. बोंब मारायची ती त्यानंतर. घड्याळबाईने हा नियम वर्षानुवर्षं पाळला. इतका, की तो तिच्या हाडात गेला, आणि तिथेच सगळा घात झाला.

धंदा घरी आणू नये म्हणतात. म्हणायला काय जातं? लॅपटॉप ऑफिसात ठेवून येता येतो, कान कसे ठेवून येणार?

तिचा नवरा फरशा विकायचा. गावोगाव हिंडायचा, नमुन्याचे तुकडे पेटीत घेऊन. तोंडाचा गोड, स्वभावाने उनाड, आणि खोटं बोलण्यात अगदीच भिकार. "गॅस बंद केलास का रे?" असं विचारलं आणि केलेला असला, तर 'हो' प्रश्नाच्या शेपटीवरच यायचं. केलेला नसला, की आधी उजवा कान चोळायचा, मग घसा खाकरायचा, आणि मग "केला की!" लग्न झालं तेव्हा तिला याचं कोण कौतुक! सासूबाई हसून म्हणायच्या, "लहानपणापासून असाच आहे गं बाळ्या. कान लाल दिसला की समजावं, स्वारीचा हात बरणीत जाऊन आलाय." दोघी मिळून त्याला मुद्दाम छळायच्या. तो चिडायचा, हसायचा, पुन्हा खोटं बोलायचा. घर चाललं होतं.

मग त्याचे दौरे लांबायला लागले. "कुठवर पोचलास?" कान. "जेवलास का?" घसा. फोनवर कान दिसत नाही, पण उशीर ऐकू येतो. साध्यासाध्या प्रश्नांना उशीर व्हायला लागला, आणि ती गंमत पाहता पाहता नासली. संशय म्हणजे दातात अडकलेला कण. जीभ सारखी तिथेच.

एका संध्याकाळी सासूबाई जेवून आपल्या खोलीत गेल्या आणि ही दोघंच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उरली. टेबलापलीकडे, बाल्कनीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात, त्यांचा जुना फ्रिज उभा असायचा. फ्रिज कसला, म्हातारा घोडाच तो. मोटर थांबताना सगळं अंग झटकायचा, आतल्या बाटल्या किणकिणायच्या, आणि मग गप्प व्हायचा.

"कुणी आहे का?" तिने विचारलं. आडवळण नाही, काही नाही.

त्याने उजवा कान चोळला. घसा खाकरला. तेवढ्यात फ्रिजने अंग झटकलं, बाटल्या किणकिणल्या. त्याची नजर त्या कोपऱ्यात गेली, फ्रिज गप्प होईपर्यंत तिथेच राहिली, आणि मग ताटात परत आली.

"नाही गं," तो म्हणाला.

ती रडली असती तर बरं झालं असतं. भांडी आपटली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तरी निभावलं असतं. पण रक्तात नियम भिनलेला. आधी घरच्याला. तिने त्याला अहवाल दिला.

"ऐक," ती म्हणाली. आवाज अगदी ऑफिसातला. "तू खरं बोलतोस तेव्हा उत्तर लगेच येतं. खोटं बोलतोस तेव्हा उशिरा येतं. हे आजचं नाही, पहिल्यापासूनचं आहे. उशीर झाकायला तू कान चोळतोस, तो भरून काढायला खाकरतोस, आणि मग मुद्दाम लाडात 'नाही गं' म्हणतोस. तुझं 'नाही' उशिरा येतं. तुला वाटतं तू लपवतोस. अरे, तू गळतोस. भोक पडलेल्या पिशवीसारखा."

तो ऐकत होता. मध्ये बोलला नाही, चिडला नाही. सगळं नीट समजून घेतल्यासारखी मान हलवत राहिला.

"बरं," तो म्हणाला. उठला, हात धुतले, फरशांची पेटी घेतली आणि गेला.

दिवस गेले, महिना पालटला. फोन बंद. कंपनीत विचारलं तर म्हणे रजेवर आहे. सासूबाई सकाळ-संध्याकाळ खिडकीत उभ्या. सुनेला टोचून एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्याचाच तिला जास्त जाच झाला. "काहीतरी बोला ना आई," ती एकदा कळवळून म्हणाली. "माझं चुकलं म्हणा."

"काय म्हणू?" सासूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा आहे आणि तुझा नवरा आहे. आपलेच दात, आपलेच ओठ."

त्याच काळात म्हातारा फ्रिज एकदाचा मेला. नवा आणला तो उंच निघाला, जुन्या कोपऱ्यात माळ्याखाली बसेना. म्हणून त्याला समोरच्या भिंतीला, ओट्याला लागून उभं केलं. नवा फ्रिज चालू आहे की बंद, तेही कळायचं नाही. एक बारीक गुणगुण तेवढी असायची, ती कधी थांबायची नाही. बाल्कनीजवळचा कोपरा रिकामा पडला. फरशीवर जुन्या फ्रिजच्या पायांचे गंजाचे चार डाग राहिले. घासून घासून गेले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बेल वाजली. सासूबाई आत लवंडल्या होत्या. ती ओले हात पुसत दाराशी गेली.

"कोण?"

बाहेरून लगेच उत्तर आलं नाही. एक आवंढा गिळावा, इतका वेळ गेला.

"मी."

तोच होता. तेच कपडे, तीच पेटी. दाराची किल्ली त्याच्या खिशात होती, ती नंतर त्याने खुंटीला अडकवताना तिने पाहिली. मग बेल का वाजवली, हे तिने विचारलं नाही. तिला रडू फुटलं होतं. सासूबाई धावत आल्या, त्याला कुरवाळलं, "बाळ्या, मेल्या, कुठे उलथला होतास रे?" म्हणून पाठीत धपाटा घातला.

एक आवंढा.

"बाहेर," तो म्हणाला.

पहिले काही दिवस बरे गेले. बरे कसले, सुखाचे गेले. दौरे बंद झाले. कंपनीने त्याला दुकानातच बसवलं आणि मालक म्हणे त्याच्यावर खूश होता. वेळेवर घरी यायचा, सांगितलेलं आणायचा, गॅस बंद करायचा. शेजारीण म्हणाली, "तुमच्या यांना कुठल्या शाळेत पाठवलं होतंत? आमच्या ह्यांनाही पाठवते." सगळे हसले. एक आवंढा गेला, आणि तोही हसला.

तो आवंढा तिच्या ध्यानात आला, आणि मग पिच्छा सोडीना.

"चहा घेणार?" आवंढा. "हो."

"पाऊस आहे का बाहेर?" आवंढा. "नाही."

"तुझा वाढदिवस कधी असतो रे?" हे तिने मुद्दाम विचारलं, पोळी उलटता उलटता, थट्टेत. ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल असा प्रश्न. आवंढा. मग बरोबर तारीख.

"माझ्या आजोळच्या घराच्या दाराचा रंग कुठला होता?" त्याने ते घर कधी पाहिलंच नव्हतं. आठवायला वेळ लागायला हवा, नाहीतर 'मला काय ठाऊक' असं चटकन यायला हवं. आवंढा. "माहीत नाही."

ऑफिसात ती हेच करायची. सोपा प्रश्न, अवघड प्रश्न, सोपा, अवघड, आणि उशिरांची तुलना. इथे तुलनेला काही नव्हतंच. शेवटी तिने मन घट्ट केलं आणि त्याच टेबलाशी तोच प्रश्न टाकला.

"कुणी आहे का?"

हात ताटात, कान जागच्या जागी. एक आवंढा.

"नाही."

सपाट. पाटीवरून हात फिरवावा तसं. तिला इतका राग आला की ताट उचलून फेकावंसं वाटलं. जुना लबाड निदान चोरीचा माल दाखवत तरी होता. आता खरं काय, खोटं काय, हे तिला जन्मात कळणार नव्हतं. तिचं एकुलतं एक हत्यार तिनेच बोथट केलं होतं. आणि राग ओसरल्यावर त्याच्याखाली दुसरंच काही सापडलं. ती भ्यायली होती. हा खोटं बोलतोय का, हा प्रश्न मागे पडला होता. हा कोण आहे, एवढाच उरला होता.

ऑफिसात तिने कुलूपकाकांना आडून विचारलं. "काका, एखाद्या कुलपाची गळती आपण बनवणाऱ्याला सांगितली, आणि ते दुरुस्त होऊन आलं. आतलं कुलूप तेच आहे की बदलून दिलंय, कसं ओळखायचं?"

काका टेबलाची किल्ली शोधत होते. "सांगितलंस ना? मग झालं. सांगितलेलं भोक कुणी उघडं ठेवतं का? बाई गं, इतकी वर्षं काम करतेस, एवढं उमगलं नाही? आपण चोर पकडत नाही. आपण कुलपाला शहाणं करतो."

"पण ते फारच सपाट आहे, काका."

"फार सपाट म्हणजे?" त्यांनी मान वर केली.

"सोप्यालाही तेवढाच वेळ, अवघडालाही तेवढाच. कशालाही."

"बरंय की. चहा मागव." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "काही लबाड दुसरी युक्ती करतात. सपाट दिसलं तर संशय येईल, म्हणून उसनी अडखळ घालतात. पूर्वी कधी मोजलेली खरी अडखळ जशीच्या तशी उचलायची आणि परत वाजवायची. सगळे फसतात."

"ती कशी ओळखायची?"

"ती आजूबाजूला बघत नाही," काका म्हणाले. "जेव्हा मोजली होती, त्या वेळचंच बघते." आणि पुन्हा किल्ली शोधायला लागले.

सासूबाईंशी बोलायची तिला हिंमत नव्हती. पण म्हातारीचे कान काही कमी नव्हते. हळूहळू त्यांनी मुलाला 'बाळ्या' म्हणणं सोडलं. मग 'अरे' सोडलं. 'पाणी हवंय का' एवढंच, कुणाला ते न सांगता. त्याच्या खोलीवरून जाताना पदर सावरायच्या. ज्याला न्हाऊ-माखू घातलं, त्याच्यासमोर.

आणि मग ती सकाळ उजाडली.

तो ओट्याशी उभा होता. दूध तापत होतं. ती भाजी चिरत होती, सासूबाई टेबलाशी शेंगा सोलत होत्या. दूध वर आलं. त्याने गॅस बंद केला आणि पातेलं उतरवायला हात घातला. सांडशी बाजूलाच होती. त्याने ती घेतली नाही. उघड्या हाताने काठ धरला.

तिने ते पाहिलं.

त्याने पातेलं धरून ठेवलं होतं. चेहरा शांत. भाजलेल्या कातड्याचा वास आला.

एक आवंढा.

"आई गं!" तो ओरडला, आणि हात झटकला.

पातेलं खाली आदळलं. दूध फरशीभर पसरलं. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या उठल्या, भिंतीला धरून दोन पावलं मागे सरल्या आणि आपल्या पोटच्या पोराला म्हणाल्या,

"तुम्ही बसा. तुम्ही काही करू नका. आम्ही पुसतो."

तुम्ही. आईने.

तिने त्याचा हात नळाखाली धरला. तळव्यावर टरटरून फोड आला होता. मलम लावलं, जुन्या ओढणीची पट्टी फाडून बांधली, गाठ मारली. "दुखतंय?" आवंढा. "हो." त्याचा हात जराही हलत नव्हता. आणि मग, कुणी सांगावं, भीतीने की रागाने की सवयीने, तिचं तोंड सुटलं.

"असं नसतं रे!" ती किंचाळली. "माणूस असा नसतो! चटका बसला तर हात आधी निघतो आणि ओरडणं मागून येतं. नाव विचारलं तर लगेच सांगतो. लाज वाटली तर अडखळतो, खोटं बोलायचं असलं तर कान चोळतो, घसा खाकरतो, इकडेतिकडे बघतो. सगळ्याला सारखाच वेळ घेणारं माणूस नसतं. कळतंय का तुला? तुझं हे सारखं असणंच गळतंय! मला तो हवाय. तो खोटारडा. मला तो परत दे!"

तो ऐकत होता. मध्ये बोलला नाही. सगळं नीट समजून घेतल्यासारखी मान हलवत होता.

ती गप्प झाली. आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं. तोंडावर हात गेला, पण शब्द गेले ते गेले.

एक आवंढा.

"बरं," तो म्हणाला. चपला घातल्या आणि गेला.

त्या दिवशी दोघी घरातच राहिल्या. चूल पेटली नाही. दुधाचा वास येत राहिला. "आई, तुम्हाला काय वाटतं?" तिने एकदा विचारलं. सासूबाईंनी खिडकीकडे पाठ केली होती. "मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी आई आहे. मला काही वाटून चालायचं नाही."

दिवेलागणीला बेल वाजली.

"कोण?" तिचा आवाज चिरकला.

बाहेर चुळबूळ झाली. कुणीतरी पाय घासले. घसा खाकरला.

"कोण म्हणजे? मीच की! उघड गं, पाय दुखतायत."

तिने दार उघडलं. हाताला तीच पट्टी होती, तिचीच गाठ, आता मळलेली. घामेजलेला, ओशाळलेला, दारातच घुटमळत उभा. "कुठे होतास?" तिने विचारलं. आणि देवा, त्याने उजवा कान चोळला!

"इथेच," तो म्हणाला. "म्हणजे... कोपऱ्यावर."

धडधडीत खोटं. सासूबाईंनी त्याच्या लाल कानाकडे पाहिलं आणि त्यांचा बांधच फुटला. "बाळ्या! अरे मेल्या! गुलामा!" त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं, धपाटे घातले, पुन्हा धरलं. तो "आई, दुखतंय, हात, हात!" म्हणून लगेच कळवळला. लगेच. ती दाराला टेकून हसत होती आणि रडत होती. कुणी असेल तर असू दे बाहेर. शंभर जणी असू देत. घरात माणूस आला होता.

गरम गरम स्वयंपाक झाला. सासूबाई आज बसायलाच तयार नव्हत्या, वाढण्यात गुंतल्या होत्या. "घे रे अजून. वाळलास किती." तो नको नको म्हणत होता, मध्येच विनोद करत होता, गुळगुळीत फरशी विकत घेऊन घसरलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता. अर्धी खोटी असणार. तिने ती जिवाचे कान करून ऐकली.

आणि मग तिने विचारलं. विचारायचं नव्हतं तिला. पण दातातला कण, आणि जिभेला कोण आवरणार? शिवाय आज उत्तराचं भय नव्हतं. खोटं बोल म्हणावं, पोटभर बोल.

"कुणी आहे का रे?" ती हसत म्हणाली.

त्याने उजवा कान चोळला. घसा खाकरला.

आणि त्याची नजर वळली. बाल्कनीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात गेली. काहीतरी अंग झटकून गप्प व्हायची वाट बघावी, तशी तिथे थांबली. तेवढाच वेळ. मग ताटात परत आली.

"नाही गं," तो म्हणाला.

कोपऱ्यात काही नव्हतं. फरशीवर गंजाचे चार डाग होते. नवा फ्रिज तिच्या पाठीमागे, ओट्याजवळ, न थांबता गुणगुणत होता. परत आल्यापासून तो रोज त्याच फ्रिजमधलं पाणी पीत होता.

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं. ते कुठे ठेवावं तिला कळेना.

सांगावं? पुरावा समोर होता. कुठून गळतं, ते तिला नेमकं दिसलं होतं. ओठांपर्यंत शब्द आले. तिने ते गिळले. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिने सापडलेली गळती कुणालाही सांगितली नाही.

"काय गं?" सासूबाई वाढता वाढता थांबल्या. चेहरा आनंदाने उजळला होता. "अशी काय बघतेस? काय झालं?"

तिने घसा साफ केला. ताटात बोट फिरवलं.

"काही नाही, आई."

त्याने मान वर केली.

"तुझं 'नाही' उशिरा आलं गं," तो म्हणाला, जराही न थांबता, आणि पुढचा घास घेतला.